उड्डाणाची वही कोणाच्या कुलपात?

२१ सप्टेंबर २०१७ ची संध्याकाळ. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडजवळ अमेरिकी लष्कराचे एक ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर समुद्रावरून सुमारे ३०० फूट उंचीवरून चालले होते. मध्येच काहीतरी येऊन आदळले. हेलिकॉप्टर सुखरूप उतरले, पण वरच्या पंख्याच्या एका पात्याला पोचा पडला होता. तपासणीत एक तुकडा हाती लागला. ती ड्रोनची मोटर होती आणि तिला दांड्याचा थोडा भाग चिकटलेला होता. त्यावरच्या अनुक्रमांकावरून ड्रोन बनवणाऱ्या डीजेआय या चिनी कंपनीच्या मदतीने ग्राहकाचा माग लागला. तपास अधिकाऱ्यांनी संपर्क केला तेव्हा त्या गृहस्थाला टक्कर झाल्याचे ठाऊकच नव्हते. संपर्क तुटला म्हणजे ड्रोन पाण्यात पडला असणार, असे समजून तो घरी गेला होता.

पुढचे सारे ड्रोनच्या नोंदीने सांगितले. त्या माणसाने आपल्याकडची उड्डाणाची नोंद तपास करणाऱ्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या हवाली केली. टक्कर झाली तेव्हा ड्रोन त्याच्यापासून सुमारे ४ किलोमीटर दूर, म्हणजे नजरेच्या पार पलीकडे होता, हे त्या नोंदीतून दिसले. त्याच संध्याकाळी आधीच्या एका उड्डाणातही त्याने ड्रोन जवळपास ३ किलोमीटर लांब नेला होता, हेही बाहेर आले. मंडळाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आपला निष्कर्ष दिला आणि दोष ड्रोन उडवणाऱ्याकडे गेला.

या घटनेत वही उघडी होती, मालकाने ती स्वतः दिली आणि तपास करणाऱ्यांना ती वाचता आली. त्यानंतरच्या वर्षांत या वहीला कुलूप लागले आहे. कुलूप लागणे वाईट नाही. आपल्या घरालाही आपण कुलूप लावतोच. प्रश्न एवढाच की किल्ली कोणाच्या कमरेला आहे. या लेखात आम्ही त्याचाच विचार करणार आहोत.

साक्षीदार खिशातच असतो

हा विषय मोठ्या देशांचा, आपला नव्हे, असे कोणी म्हणेल. पण आज तालुक्याच्या गावी निकाह असो की वलीमा, मांडवावर ड्रोन फिरतोच. आमच्या शाळेतून शिकून बाहेर पडलेली कितीतरी मुले फोटोग्राफीच्या धंद्यात आहेत आणि त्यांच्या बॅगेत कॅमेऱ्याच्या शेजारी ड्रोन असतो. शेतावर फवारणीला ड्रोन आला आहे. केंद्र सरकारची 'नमो ड्रोन दीदी' योजना १५,००० महिला बचत गटांना ड्रोन देण्यासाठी आहे. 'स्वामित्व' योजनेत २०२० पासून गावठाणातील घरांची मोजणी ड्रोनने होते. ड्रोन आपल्या छपरावरून जातो आणि तो जिथे जातो तिथली नोंद ठेवतो.

ही नोंद म्हणजे काय? डीजेआयचा ड्रोन उडवताना फोनवरचे ॲप दर सेकंदाला साधारण १० वेळा लिहीत असते. ड्रोन कोणत्या अक्षांश-रेखांशावर आहे, किती उंच आहे, वेग किती, तोंड कोणत्या दिशेला, बॅटरीत किती दम उरला, किती उपग्रह दिसत आहेत, रिमोटच्या दांड्या बोटांनी कुठे वळवल्या, पडद्यावर कोणता इशारा आला, हे सारे त्यात असते. २० मिनिटांच्या एका उड्डाणाच्या अशा १२,००० नोंदी होतात. उड्डाण जिथून सुरू झाले ती जागाही त्यात असते. बहुतेक वेळा ती जागा म्हणजे उडवणाऱ्याचे अंगण, गच्ची किंवा कार्यक्रमाचे घर. शिवाय ड्रोनच्या पोटातही स्वतंत्र नोंद राहते. म्हणजे एकाच उड्डाणाचे दोन साक्षीदार असतात. एक फोनमध्ये आणि एक यंत्रात.

आधी कडी, मग कुलूप

सुरुवातीच्या काळात फोनमधली ही नोंद फक्त थोडी गोंधळवून ठेवलेली असे. साध्या डोळ्यांना ती वाचता येत नसे, पण जाणकाराला उलगडता येत असे. दाराला कडी असावी, कुलूप नसावे, तसा प्रकार. हौशी आणि अभ्यासू लोकांनी ती कडी काढण्याची साधने लिहिली आणि लोकांना वापरायला दिली. फँटमहेल्प आणि एअरडेटा अशा ठिकाणी आपली फाइल दिली की नकाशा, आलेख, बॅटरीची तब्येत सारे समोर येई. २०१७ मध्ये अमेरिकेतील न्यू हेवन विद्यापीठाच्या संशोधकांनी फँटम ३ या ड्रोनच्या पोटातली नोंद उलगडून दाखवली, ती फोनमधल्या नोंदीशी ताडून पाहिली आणि त्यासाठी केलेले साधन इतरांसाठी खुले केले. गुन्ह्याच्या तपासाला अशा कामाचा उपयोग होतो.

पुढे कंपनीने फोनमधल्या नोंदीचा साचा बदलला. या साच्याच्या १३ व्या आवृत्तीपासून नोंदी एईएस नावाच्या पद्धतीने कूटबद्ध होऊ लागल्या. एईएस ही काही चोरटी गोष्ट नाही. बेल्जियमच्या दोन गणितज्ञांनी ती तयार केली आणि २००१ मध्ये अमेरिकेने तिला आपले प्रमाण म्हणून स्वीकारले. आज बँकेचे व्यवहार आणि व्हॉट्सॲपवरचे निरोप याच पद्धतीने बंद केले जातात. तिच्या सर्वात लहान किल्लीच्याही शक्यता मोजायला गेलो तर ३९ आकडी संख्या येते. एकेक किल्ली लावून पाहण्याचा मार्ग कोणालाच मोकळा नाही.

आता अशी बंद नोंद बाहेरच्या कोणाला, म्हणजे तिसऱ्या पक्षाला, वाचायची असेल तर काय होते? आधी त्याने कंपनीकडे विकासक म्हणून नाव नोंदवायचे आणि परवानगीचा सांकेतिक क्रमांक घ्यायचा. मग फाइलमधला किल्लीशी संबंधित बंद तुकडा कंपनीच्या सर्व्हरकडे पाठवायचा. सर्व्हर त्या फाइलच्या किल्ल्या परत देतो आणि नोंद उघडते. या देवघेवीत संपूर्ण नोंद कंपनीकडे पाठवावी लागत नाही, हे इमानदारीने सांगितले पाहिजे. वाचण्याचे एक साधनही कंपनीने विकासकांना खुले करून दिले आहे. मालकाला स्वतःच्या ॲपमध्ये आपले उड्डाण नकाशावर पुन्हा पाहता येते, हेही खरे. पण दर सेकंदाची सगळी आकडेवारी बाहेर काढून दुसऱ्या जाणकाराकडून तपासून घ्यायची असेल, तर वाट कंपनीच्या दारातूनच जाते. तिथे परवानगी लागते, इंटरनेट लागते आणि तो सर्व्हर चालू असावा लागतो. किल्ली कोणत्या सेवेने मागितली हे कंपनीला कळते. उद्या कंपनीने ती सोय बंद केली, तर जुन्या फाइली मालकाजवळ असूनही बंद राहतील.

कुलूप कशासाठी?

कंपनीची बाजू मोडीत काढता येत नाही. फोन हरवला, चोरीला गेला किंवा दुरुस्तीला दिला, तर उघड्या नोंदीतून मालकाचे घर, त्याच्या कामाच्या जागा आणि वेळा कोणालाही कळतील. अपघातानंतर कोणी नोंदीत फेरफार करून खोटा दावा लावू शकेल. शिवाय डीजेआयवर अनेक वर्षे आरोप होत आले की तिच्या ड्रोनची माहिती चीनला जाते. ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकी लष्कराने आपल्या तुकड्यांना डीजेआयचे ड्रोन वापरणे थांबवायला सांगितले. त्याच महिन्यात कंपनीने इंटरनेटशी काहीही देवघेव न करता उडवण्याची सोय जाहीर केली. जून २०२४ मध्ये तर अमेरिकेतील ग्राहकांना उड्डाणाच्या नोंदी कंपनीच्या सर्व्हरवर ठेवण्याचा पर्यायच तिने काढून टाकला. म्हणजे माहिती बंद ठेवण्याचा दबाव बाहेरूनही होता.

पण यातल्या प्रत्येक कारणापाशी थांबून विचारले पाहिजे की यासाठी किल्ली कंपनीकडेच का हवी? चोरापासून वाचवायचे असेल तर किल्ली मालकाच्या पासवर्डमध्ये ठेवता येते. फोनमधले फोटो असेच बंद होतात आणि आपल्याच बोटाने उघडतात. किल्ली आपल्याकडे असली तर सोय आणि सुरक्षा दोन्ही आपली. ती दुसऱ्याकडे असली तर सुरक्षा आपली, पण अधिकार त्याचा.

याचा कस वादाच्या वेळी लागतो. समजा, वॉरंटी असताना ड्रोन आकाशातून कोसळला. चूक उडवणाऱ्याची की यंत्राची, हे नोंद ठरवणार. यंत्राची चूक निघाली तर भरपाई कंपनीला द्यावी लागणार. अशा वादात कंपनी ही एक बाजू आहे आणि साक्षीदाराच्या खोलीची किल्लीही तिच्याच खिशात आहे. कंपनी बेइमानी करते असे आमचे म्हणणे नाही. पण पंचायतीत एका बाजूच्या माणसाकडेच साक्षीदार ठेवायला दिला, तर निवाडा कितीही खरा असला तरी दुसऱ्या बाजूचे समाधान होत नाही.

गच्चीचे प्रकरण

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या बाबतीत घडलेली गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. एका लग्नात तो ड्रोनने चित्रीकरण करत होता. दुसऱ्या दिवशी शेजारच्या घरातील वडीलधारी मंडळी वधूपित्याकडे आली. आमच्या गच्चीवर घरच्या बायका बसल्या होत्या आणि ड्रोन तिथे येऊन थांबला, अशी त्यांची तक्रार होती. विषय नाजूक होता. मुलगा शपथेवर सांगत होता की ड्रोन मैदानाच्या बाहेर गेलाच नाही. पोराच्या धंद्याचा आणि इज्जतीचाही प्रश्न होता.

मोहल्ल्यातील चार ज्येष्ठ बसले. मुलाने फोन काढून ॲपमधला उड्डाणाचा नकाशा सर्वांना दाखवला. ड्रोनची रेषा मैदानाभोवती फिरत होती आणि त्या घराच्या बरीच अलीकडे वळत होती. बघणाऱ्यांचे चेहरे निवळले. पण एका चाचांनी शांतपणे विचारले, "बेटा, फोन तुझा, ॲप तुझे. यात तू काही बदल केला नसशील, हे आम्ही कशावरून मानायचे?"

प्रश्न विचारण्यात चाचांचा संशय नव्हता, न्यायबुद्धी होती. मुलगा आमच्याकडे वळून म्हणाला, "सर, मी खरं बोलतोय हे यंत्राला माहीत आहे. पण यंत्राकडून ते वदवून कसं घेऊ?" अखेर चित्रफीत आणि नकाशा एकत्र लावून वेळेसकट पाहिले, तेव्हा मंडळींची खात्री पटली आणि शेजाऱ्यांनी मुलाच्या पाठीवर हात ठेवला.

शिक्का आणि कुलूप

चाचांच्या प्रश्नाचे उत्तर तंत्रज्ञानात आहे आणि ते कुलूप नाही. परीक्षेच्या कामात आम्हा शिक्षकांच्या हातून दोन प्रकारचे कागद जातात. प्रश्नपत्रिकेचे पाकीट बंद असते. वेळ होईपर्यंत ते कोणी वाचू नये, हा हेतू. गुणपत्रिका मात्र उघडी असते, ती कोणीही वाचावी. तिच्यावर शिक्का आणि सही असते, ती एवढ्यासाठी की वाचणाऱ्याला खाडाखोड ओळखता यावी. पहिल्या कागदाला गुप्तता हवी आणि दुसऱ्याला विश्वास.

संगणकातही ही दोन कामे निराळी आहेत. एन्क्रिप्शन म्हणजे पाकीट बंद करणे. डिजिटल स्वाक्षरी म्हणजे शिक्का मारणे. स्वाक्षरी केलेली नोंद कोणालाही वाचता येते, पण तिच्यातला एक आकडा जरी बदलला तरी स्वाक्षरी जुळत नाही आणि फेरफार उघड होतो. तेव्हा "लोक नोंद बदलतील म्हणून ती बंद केली" हे कारण अपुरे आहे. बदल पकडायला शिक्का पुरतो. मालकालाच वाचता येऊ नये, असे त्या कारणातून निघत नाही.

हा विचार आपल्या देशाच्या नियमांत आला होता. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये ड्रोनसाठी नियम काढले आणि ते त्या वर्षीच्या १ डिसेंबरपासून लागू झाले. त्यात 'परवानगी नाही तर उड्डाण नाही' ही पद्धत होती. उड्डाणाआधी डिजिटल परवानगी घ्यायची, ती नसेल तर यंत्र जमिनीवरून उठायचेच नाही आणि उड्डाणानंतर यंत्राने आपली नोंद स्वाक्षरीसह द्यायची, अशी ती कल्पना होती. २५ ऑगस्ट २०२१ रोजी आलेल्या नव्या ड्रोन नियमांनी बरीच बंधने सैल केली. ही पद्धत, ड्रोनचा ठावठिकाणा सतत सांगणारे साधन आणि ठरावीक सीमेबाहेर जाऊ न देणारी सोय, या तिन्ही गोष्टी सरकार पुढे केव्हाही अधिसूचना काढून लागू करू शकेल, असे त्यात म्हटले आणि त्यासाठी किमान सहा महिन्यांची मुदत ठेवली. ती वेळ येईल तेव्हा नोंदीला शिक्का असावा की कुलूप, आणि कुलूप असेल तर किल्ली कोणाकडे, हा प्रश्न आपल्या दारात येणार आहे.

आत कुलूप, बाहेर दवंडी

या गोष्टीला एक उलटी बाजूही आहे. फोनमधली नोंद कुलपात गेली, पण आकाशातला ड्रोन स्वतःविषयी उघड बोलत राहिला. डीजेआयने २०१७ मध्ये एअरोस्कोप नावाचे यंत्र बाजारात आणले. विमानतळ, पोलीस, तुरुंग अशांना जवळपास कोणता ड्रोन उडतो आहे हे कळावे, हा त्याचा उद्देश. त्यासाठी ड्रोन उडताना 'ड्रोनआयडी' नावाचा संदेश सतत सोडत असतो. त्यात यंत्राचा अनुक्रमांक, त्याची जागा, वेग आणि उडवणारा माणूस कुठे उभा आहे, हे सारे असते.

२०२२ मध्ये युक्रेनवर युद्ध आले तेव्हा या संदेशाचे गांभीर्य जगाला कळले. दोन्ही बाजू बाजारात मिळणारे छोटे ड्रोन वापरत होत्या. रशियन सैन्य या संदेशावरून आमचे ड्रोन उडवणारे शोधते आहे, असा आरोप युक्रेनने केला. हा संदेश कूटबद्ध आहे, असे कंपनीच्या वतीने सांगितले गेले होते. एका संशोधकाने तसे नसल्याचे दाखवून दिल्यावर ते मान्य करावे लागले. त्या वर्षी एप्रिलमध्ये कंपनीने दोन्ही देशांतील व्यवहार थांबवले. २०२३ मध्ये जर्मनीतील बोखुम येथील रूर विद्यापीठ आणि सिस्पा या संस्थेच्या संशोधकांनी हा संदेश साध्या रेडिओ साधनाने पकडून उलगडता येतो, हे शोधनिबंधातून मांडले. उडवणाऱ्याची जागा त्यात उघड दिसत होती.

उघड बोलण्यामागे कारणही आहे. विमानांच्या आणि जमिनीवरच्या लोकांच्या सुरक्षिततेसाठी आकाशात कोण आहे हे कळायला हवे. अमेरिकेत तर असा उघड संदेश सोडणे कायद्यानेच आवश्यक आहे आणि मार्च २०२४ पासून त्याची अंमलबजावणी कडक झाली. तरी दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहा. ज्या माहितीने माणसाच्या जिवाला धोका होऊ शकतो, ती वाऱ्यावर होती. जी माहिती मालकाने स्वतः वाचायला हवी, ती कुलपात होती. दोन्ही ठिकाणी काय उघडायचे आणि काय झाकायचे, हे मालकाला कोणी विचारले नव्हते.

वही काय सांगत नाही

नोंद हाती आली तरी ती नीट वाचावी लागते. पोलीस, विमा कंपनी आणि न्यायालय यांच्यापुढे जाणाऱ्या कागदाच्या बाबतीत तर फारच जपून. ड्रोन कुठे होता हे नोंद सांगते, रिमोट कोणाच्या हातात होता हे सांगत नाही. भाऊ, चुलतभाऊ, दुकानातला पोरगा, कोणीही एकाच खात्यावरून उडवलेले असू शकते. उंचीचा आकडा बहुधा उड्डाणाच्या जागेपासून मोजलेला असतो. टेकडीवरून उडवला आणि दरीकडे नेला, तर नोंदीत १०० मीटर दिसेल, पण खालच्या जमिनीपासून उंची कितीतरी जास्त असेल. आपल्या नियमांत हरित क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे १२० मीटरपर्यंत मोकळीक आहे. तेव्हा हा फरक महत्त्वाचा ठरतो. उंच इमारतींमध्ये उपग्रहांचा संदेश नीट न मिळाल्याने जागाही काही मीटर सरकते.

म्हणूनच नोंद एकाच पक्षाने वाचून चालत नाही. जी वही एखाद्याला दोषी ठरवू शकते, तीच त्याला निर्दोषही ठरवू शकते. रात्री कुठेतरी ड्रोन दिसला, गावात कुजबुज झाली आणि बोट आपल्या घरातल्या मुलाकडे गेले, तर 'त्या वेळी माझा ड्रोन १२ किलोमीटर दूर एका शेतावर होता' हे सांगणारी दुसरी साक्ष कोण देणार? ती साक्ष त्याच्याच खिशात असून त्याला उघडता येत नसेल, तर त्याचा काय उपयोग?

उत्तरपत्रिकेचा धडा

या पेचासारखा एक पेच आपल्या न्यायालयाने सोडवला आहे. विद्यार्थी उत्तरपत्रिका लिहितो, ती मंडळाकडे जमा होते आणि तपासणीनंतर त्याला फक्त गुण कळतात. अनेक वर्षे हेच चालत होते. २०११ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की माहिती अधिकाराखाली विद्यार्थ्याला आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहता येईल. कागद मंडळाच्या कपाटात असला, तरी ज्याच्याविषयी निर्णय झाला त्याला तो पाहण्यापासून अडवता येणार नाही. आम्ही शिक्षक तेव्हा थोडे धास्तावलो होतो, हे खरे. पण त्यानंतर तपासणी अधिक काळजीपूर्वक होऊ लागली, हेही आम्ही पाहिले.

माहिती अधिकार खासगी कंपनीला थेट लागू होत नाही. पण ऑगस्ट २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला. आपल्याविषयीची कोणती माहिती घेतली, तिचे काय केले, हे विचारण्याचा आणि चुकीची माहिती दुरुस्त करून घेण्याचा हक्क या कायद्यात आहे. उड्डाणाच्या नोंदीत माणसाचे घर आणि हालचाल असते, तेव्हा तिलाही हाच विचार लावला पाहिजे.

घरात आणि धंद्यात काय करावे

ज्यांच्या घरात ड्रोन आहे त्यांनी काही सवयी लावून घ्याव्यात. उड्डाण संपले की त्या दिवशीची नोंदीची फाइल संगणकावर उतरवून ठेवावी. फोनवरचे ॲप काढून टाकले की अनेकदा फाइलही जाते. मूळ प्रत उघडून तिच्याशी खेळू नये. तपासायचे ते दुसऱ्या प्रतीवर तपासावे. आता पुराव्याचा नवा कायदा, म्हणजे भारतीय साक्ष्य अधिनियम, १ जुलै २०२४ पासून लागू आहे. इलेक्ट्रॉनिक कागदासोबत जे प्रमाणपत्र लागते, त्यात फाइलचा 'हॅश', म्हणजे तिच्या ठशासारखा आकडा द्यावा लागतो. फाइलमध्ये एक अक्षर बदलले तरी हा आकडा बदलतो. वाद झाला त्याच दिवशी हा आकडा काढून चार माणसांसमोर लिहून ठेवला, तर त्यानंतर फाइल बदलली नाही एवढे तरी नक्की सांगता येईल.

नोंद दुसऱ्याला देताना तिच्यात आपले घर आहे हे विसरू नये. बॅटरी का उतरते हे विचारण्यासाठी संपूर्ण नोंद चारचौघांत टाकण्याची गरज नसते. जुना ड्रोन किंवा फोन विकताना नोंदी उतरवून घ्याव्यात, मग पुसाव्यात आणि खात्यातून यंत्र मोकळे करावे. फवारणीचे काम घेणाऱ्या बहिणींनी आणखी एक पाहावे. किती एकर फवारणी झाली हे यंत्राची नोंद सांगते आणि मजुरी त्यावर ठरू शकते. ती नोंद आपल्याला मिळते का, की फक्त वरच्या कोणाला दिसते, हे काम घेण्याआधी विचारावे.

कार्यक्रमाला ड्रोन बोलावणाऱ्या घरांनीही बोलून घ्यावे. चित्रीकरण किती दिवस ठेवणार, कोणाला देणार, हे आपण विचारतो. तसे उड्डाणाची नोंद जपून ठेवा, शेजारच्या गच्चीवरून जाऊ नका, हेही सांगावे. फोटोग्राफरने ते मनावर घ्यावे. दुसऱ्याच्या घराची हालचाल आपल्या फोनमध्ये आली, म्हणजे ती आपल्याकडे अमानत आहे.

राहिली गोष्ट खरेदीची. फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर केंद्र सरकारने बंदी घातली आहे. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांना तेवढी सूट आहे. त्यामुळे पुढच्या काळात आपल्या हाती देशात बनलेले ड्रोन अधिक येतील. ही चांगली संधी आहे, कारण देशी कंपनीला आपण आपल्या भाषेत विचारू शकतो. उंची किती, कॅमेरा किती, बॅटरी किती हे विचारून झाले की दुकानदाराला आणखी एक प्रश्न विचारावा. उड्डाणाची नोंद मला इंटरनेटशिवाय, कोणाची परवानगी न घेता पूर्ण वाचता येईल का? आणि ती माझ्याशिवाय आणखी कोणाला वाचता येते? दुकानदाराला उत्तर येत नसेल तर त्याने कंपनीला विचारावे. दहा गिऱ्हाइकांनी हा प्रश्न विचारला, तर अकराव्याला त्याचे उत्तर खोक्यावर छापलेले मिळेल.